रिकामी चार घरं

सॅक्सोफोन वाजवणाऱ्या माणसाने मुंबईत एक वेळ फ्रिज घेऊ नये, पण कपाट मोठं घ्यावं. माझ्या वर्गात नवीन येणाऱ्याला मी पहिल्याच रविवारी हे सांगतो आणि तो हसतो. विनोद कसला डोंबलाचा! आमच्या इमारतींच्या भिंती अशा, की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून आपण आपला गॅस बंद करतो. तिथे सॅक्स फुंकलात की दुसऱ्या दिवशी सोसायटीचं पत्र दारात. म्हणून कपाट उघडायचं, लटकवलेल्या कपड्यांच्या मधोमध वाद्याचं पसरट तोंड खुपसायचं आणि मग वाजवायचं. कपडे आवाज गिळून टाकतात. बाहेर ऐकू येतं ते फक्त कुणीतरी उशीखाली बोलतंय असं काहीतरी.

हे मला वाकोल्याच्या माझ्या गुरूंनी शिकवलं. हॉटेलांत आयुष्यभर वाजवलेला म्हातारा माणूस, एका खोलीत राहायचा. मला स्वतःच्या शर्टांत तोंड घालून उभं करायचा आणि मागून काठीने ताल द्यायचा. डांबराच्या गोळ्यांचा वास आला की माझी बोटं आजही आपोआप हलतात.

वडील गिरणीत होते, गिरणी गेली, आणि घाटकोपरच्या चाळीतला मी लग्नाच्या बँडमध्ये लाल कोट घालून उभा राहिलो. सकाळी दहिसरला नवरदेवापुढे नाचाची गाणी आणि संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत जॅझ, असे दिवस काढले. तोच घाम, तोच सॅक्स, फक्त कोट बदलायचा. पुढे बरं चाललं. स्टुडिओ झाले, परदेशी पाहुण्यांबरोबर वाजवलं, चार लोक ओळखायला लागले. साठीला आल्यावर पुढचा एक दात गेला, आणि दात गेला की सॅक्सवाल्याची पहिल्यासारखी पकड राहत नाही. म्हटलं, आता शिकवावं. मुलुंडला एका सोसायटीने तळमजल्यावरचा हॉल रविवारी सकाळी दिला. कुणीही यावं, वय विचारणार नाही, असं फाटकावर लिहून लावलं.

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. वर्गात माझ्या तोंडाला कुलूप नसतं. पण एक सांगतो, चुकीच्या सुराला मी उभ्या आयुष्यात कधी बरोबर म्हटलेलं नाही. माझ्या तोंडून ‘लागला’ एवढा एक शब्द निघावा म्हणून लोक वर्षभर झटतात.

आमच्या वर्गाची एक पद्धत आहे. मी फळ्यावर चौकोन काढतो, त्याला आम्ही घर म्हणतो. एका घरात चार ठोके. सगळे अर्धगोलात बसतात आणि गाणं सुरू झालं की प्रत्येकाने आपापली चार घरं वाजवायची. मनाला येईल ते वाजवा, पण चार घरं म्हणजे चारच, सोळा ठोके. तुमचं संपलं की श्वास न सोडता शेजाऱ्याने उचलायचं, आणि फेरीच्या शेवटी माझी पाळी. जॅझवाले जगभर असंच खेळतात. ड्रमवर माझा जुना दोस्त असतो, पोस्टातून निवृत्त झालेला, बँडच्या दिवसांपासूनचा.

तिसऱ्या खुर्चीवर काका बसायचे. वयाने माझ्याएवढेच, पण सगळे काका म्हणायचे म्हणून मीही म्हणायला लागलो. मूळचे मालवणकडचे, इथल्याच एका ऑफिसात जन्म घालवलेला, निवृत्तीच्या दिवशी सॅक्स घेऊन आलेला माणूस. ड्रमच्या आवाजाने त्यांची छाती धडधडायची आणि ताल चुकायचा, म्हणून त्यांच्या चार घरांत ड्रम थांबवायचा, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. म्हणजे काका वाजवायचे तेव्हा हॉलमध्ये दुसरा काही आवाज नसायचा. पंखेसुद्धा बंद, कारण कागद उडतात.

आणि त्या शांततेत काका दर रविवारी एकच चूक करायचे. तिसऱ्या घराच्या शेवटी दम संपायचा, मग घशातून ‘हुप्’ असा आवाज करत श्वास घ्यायचे, आणि चौथ्या घरातला पहिला सूर नेमका अर्धा सूर खाली पडायचा. दर वेळी, अगदी नेम धरल्यासारखा. मी ओरडायचो. ते म्हणायचे, “सर, जॅझमध्ये सगळं चालतं ना?” मी म्हणायचो, “ठरवून केलेलं चालतं हो! तुमचं आपलं घसरून पडणं आहे.” सगळे हसायचे, तेही हसायचे.

पहिला कार्यक्रम ठरला. बागेतल्या खुल्या मंचावर, रविवारी सकाळी. दीड महिना राहिला असताना काकांचा तो सूर पुन्हा पडला आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “काका, पुरे. कार्यक्रमात तुम्ही वाजवू नका. समोर बसा आणि टाळ्या वाजवा.”  काका म्हणाले, “बरं सर.” त्यांनी फडक्याने सॅक्स पुसला, नीट पेटीत ठेवला, पेटीच्या दोन्ही कड्या लावल्या. दाराशी जाऊन परत आले आणि स्वतःची खुर्ची भिंतीला लावून गेले. गुरुवारी झोपेतच गेल्याचा निरोप आला.

मला काय वाटलं ते सांगायचं तर, माझी मलाच घाण वाटली. पण वर्गात कुणी एक शब्द काढला नाही, आणि मीही काढला नाही.

पुढच्या रविवारी दोन मिनिटं उभं राहून आम्ही बसलो. काकांची खुर्ची मी आधीच बाहेरच्या खोलीत ठेवून आलो होतो. गाणं सुरू केलं. पहिल्या खुर्चीवरच्या बाईंनी चार घरं वाजवली, दुसऱ्या खुर्चीवरच्या इंजिनियरने वाजवली. आता चौथ्या जागेवरच्या शाळेतल्या बाईंनी उचलायचं होतं. पण त्यांनी उचललं नाही आणि ड्रम थांबला. कुणीच हललं नाही. सोळा ठोके अख्खा हॉल तसाच बसला, आणि सतराव्या ठोक्याला बाईंनी अगदी बरोबर सूर धरला, ड्रम सुरू झाला, गाणं पुढे गेलं.

संपल्यावर मी म्हटलं, “छान केलंत. कुणाच्या डोक्यातून आलं?” सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शाळेतल्या बाई म्हणाल्या, “सर, मला वाटलं तुम्ही ठरवलंय.” इंजिनियरला वाटलं ग्रुपवर मेसेज आला असेल आणि आपण वाचला नसेल. मी दोस्ताकडे बघितलं तर तो म्हणाला, “माझ्याकडे काय बघतोस? हात आपोआप थांबला यार.”

सवय, दुसरं काय. मी तेच म्हणालो. सवय मोडायची तर क्रम उलटा करा. पुढच्या रविवारी शेवटच्या खुर्चीपासून सुरुवात केली. शाळेतल्या बाईंचं संपलं, इंजिनियरने उचलायचं होतं, आणि पुन्हा सोळा ठोके रिकामे. गाणं बदललं, चाल दुप्पट केली. सगळं दुप्पट धावलं आणि ती चार घरंही त्याच वेगाने रिकामी गेली. मला राग आला. “इथे गाणं शिकायला येता की सुतक पाळायला?” असं मी ओरडलो, आणि ओरडताना माझ्या लक्षात आलं की गाणं चालू असताना माझाही पाय त्या सोळा ठोक्यांत ताल धरून होता.

त्या दिवशी मी फोनवर रेकॉर्डिंग केलं होतं. घरी जेवण झाल्यावर दुपारी ऐकत बसलो. रिकाम्या जागी काहीच नव्हतं. लांबून फेरीवाल्याची हाक, एक हॉर्न. पहिलं घर, दुसरं घर, तिसरं घर. तिसऱ्याच्या शेवटी ‘हुप्’.

मी सात-आठ वेळा ऐकलं. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. मग एकेकाला फोन लावला, “तू श्वास घेतलास का रे तिथे?” कुणालाच आठवेना. श्वास तर सगळेच घेतात, त्यात आठवायचं काय! मी रेकॉर्डिंग पुसून टाकलं आणि फोन दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला.

पुढच्या रविवारी वर्गात एक नवीन मुलगी आली. दातांची डॉक्टर, आधी दुसरीकडे शिकलेली. तिने काकांना कधी पाहिलंही नव्हतं. मला बरं वाटलं. म्हटलं, हिला तिसरी जागा देतो, प्रश्नच मिटला. नवी खुर्ची टाकली. तिची पाळी आली तशी तिने सॅक्स तोंडाला लावला, डोळे मिटले आणि तशीच बसून राहिली. सोळा ठोके गेले आणि मग ती वाजवायला लागली. चार घरं, अगदी बरोबर.

मी विचारलं, “काय गं, अडखळलीस का?”

“नाही सर,” ती म्हणाली, “माझ्या आधी अजून एक जण आहेत ना?” आणि तिने स्वतःच्या डाव्या बाजूला बघितलं. तिथे तिच्या आणि इंजिनियरच्या मधे मागची भिंत दिसत होती.

त्याच्या पुढच्या रविवारी वर्ग सुटताना काकांची बायको आली. वहिनींना मी एकदाच पाहिलं होतं, त्यांच्या घरी, सुतकाच्या दिवसांत. हातात कापडी पिशवी, अंगावर साधी साडी. सगळे निघून जाईपर्यंत दाराशी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “सर, एक विचारायचं होतं. कार्यक्रम आहे ना? ह्यांनी मला सांगितलं होतं, तू ये म्हणून.”

मी म्हटलं, “या ना वहिनी, जरूर या.”

“मी ह्यांचं वाजवणं कधी ऐकलंच नाही हो. तुम्ही कपाटात वाजवायला सांगितलंत. रोज चार वाजता माझ्या साड्यांत तोंड घालून उभे राहायचे. मी स्वयंपाकघरात. मला आपली कुरकुर ऐकू यायची आणि हँगर वाजायचे, तेवढंच. मी म्हणायचे, काय एवढं वाजवता ते मला कळू तरी द्या. तर म्हणायचे, कार्यक्रमात उघड्यावर ऐक.” त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. “ह्यांचा तुकडा कुणी वाजवणार आहे का?”

मी काय सांगायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. वहिनी, मी त्यांना काढलं होतं, ते वाजवणारच नव्हते. एवढं एक वाक्य. ते सोडून मी म्हटलं, “त्यांची जागा ठेवलीय आम्ही. तुम्हाला ऐकायला मिळेल.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. जाता जाता दारात थांबल्या. “हँगर अजून वाजतात हो. चार वाजले की. कपाट बंद असतं, तरी.”

“मेट्रोचं काम चाललंय ना तिकडे,” मी म्हटलं. “आमच्याकडे भांडी वाजतात.”

“असेल,” त्या म्हणाल्या.

आता माझी वाट लागली होती. शब्द देऊन बसलो होतो. एकच उपाय होता, काकांची चार घरं मीच वाजवायची. जशी ते वाजवायचे तशी, त्या ‘हुप्’सकट आणि त्या पडलेल्या सुरासकट. काका काय वाजवायचे ते वहिनींना कळेल आणि माझंही ओझं उतरेल. घरी माझ्या कपाटात तोंड घालून मी तयारी केली. चाळीस वर्षं सूर वर ठेवायला शिकलो, आणि आता मुद्दाम अर्धा खाली पाडायला शिकत होतो. जमलं.

शेवटच्या तालमीत मी इंजिनियर आणि मुलीच्या मध्ये उभा राहिलो. इंजिनियरचं संपलं, ड्रम थांबला, मी फुंकलं. हवा गेली. सूर आला नाही. रीड म्हणजे तोंडाशी असते ती वेताची पातळ पट्टी. ती कोरडी असली तर असं होतं. पण मी ती आत्ताच ओली केली होती. मी पुन्हा फुंकलं. नुसती हवा. वाद्यातून वारा जातोय एवढंच ऐकू येत होतं. सोळा ठोके संपले, मुलीने उचललं, आणि तोच सॅक्स, तीच रीड, मी सहज फुंकून पाहिलं तर खणखणीत वाजला. वर्गात कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मला वाटतं, मुद्दामच बघत नव्हते.

दोस्ताला बाहेर गाठलं. “काय करू रे?”

तो म्हणाला, “तू काही करू नकोस. तू जरा गप्प बस ना! तुला तेवढंच जमत नाही.”

कार्यक्रमाच्या सकाळी बागेत बऱ्यापैकी माणसं होती. फिरायला आलेले म्हातारे, पोरं, घरची मंडळी. वहिनी पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. पिशवी मांडीवर.   मी ठरवलं, कार्यक्रम झाला की सरळ जाऊन सांगायचं. मग शिव्या घालोत नाहीतर काहीही करोत.

गाणं सुरू झालं. पहिल्या बाई. मग इंजिनियर. मग ड्रम थांबला.

बागेत आवाज असतातच. कावळे, झोपाळ्याची कडी, रस्त्यावरच्या रिक्षा. त्या सोळा ठोक्यांत मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. कदाचित माझं लक्ष मोजण्यात होतं म्हणून. पण समोरची माणसं खोकलीसुद्धा नाहीत. आईच्या कडेवरचं एक मूल रडत होतं, ते थांबलं आणि आमच्या रांगेतल्या एका जागेकडे टक लावून बघायला लागलं. मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती आणि त्यांचं बोट मांडीवरच्या पिशवीवर हलत होतं. तिसऱ्या घराच्या शेवटी ते बोट थांबलं. मग त्यांनी मान वर केली, आणि चौथं घर संपेपर्यंत त्या हसत होत्या.

मुलीने उचललं. गाणं पूर्ण झालं. टाळ्या झाल्या. मी वाद्य खाली ठेवलं आणि थेट त्यांच्याकडे गेलो.

“वहिनी, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. काकांना मी—”

“माका सगळा म्हायत आसा,” त्या म्हणाल्या. आतापर्यंत माझ्याशी त्या अशा कधी बोलल्या नव्हत्या. “तेंनी त्याच दिवशी येवन सांगल्यानी. सरांनी काढलं म्हणून.”

 म्हणजे त्या दिवशी हॉलमध्ये आल्या तेव्हाही ह्यांना ठाऊक होतं. मी तोंडावर खोटं बोललो ते उभं राहून ऐकून घेतलं होतं.

“रागावले नव्हते हो तुमच्यावर,” त्या पुन्हा साध्या मराठीत आल्या. “म्हणाले, सरांचं बरोबर आहे, सूर पडतो माझा. सोमवार, मंगळवार, बुधवार, जेवायला सुद्धा वेळेवर आले नाहीत. कपाट उघडून उभे. दर थोड्या वेळाने मान बाहेर काढून मला विचारायचे, आता लागला का गं? मी म्हणायचे, मला काय कळतं, सरांना विचारा. बुधवारी म्हणाले, रविवारी जाऊन सरांना ऐकवतो. घेवोत नाहीतर न घेवोत, एकदा ऐकवतो.” त्यांनी पदराने डोळे टिपले आणि माझ्याकडे सरळ बघितलं. “आज तेंचो सूर बरोबर लागलो मां?”

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. श्वाससुद्धा नाही. मी सोळा ठोके मोजले होते, बस. आणि समोर ही बाई उभी होती, जिला तीन दिवस एकाच प्रश्नाचं उत्तर देता आलं नव्हतं, कारण ते फक्त मी देऊ शकत होतो.

“लागला, वहिनी,” मी म्हटलं. “लागला.”

त्यांनी मान हलवली. पिशवी खांद्याला लावली आणि “येते सर” म्हणून फाटकाकडे गेल्या. मी खोटं बोललो की काय, हे मला आजही सांगता येत नाही. पुढे कधीतरी फोन केला तेव्हा म्हणाल्या, साड्या काढून कपाट पुसून घेतलं, आता हँगर वाजत नाहीत. मेट्रोचं काम मात्र अजून चालूच आहे.

कार्यक्रमानंतरच्या रविवारी मी लवकर जाऊन बाहेरच्या खोलीतली काकांची खुर्ची आत आणली आणि मुलीच्या डाव्या बाजूला, भिंतीशी ठेवली. सगळे आले, खुर्ची बघितली आणि आपापल्या जागी बसले. गाणं सुरू झालं. पहिल्या बाईंनी वाजवलं, इंजिनियरने वाजवलं, आणि त्याचं संपतंय तोच मुलीने श्वास न सोडता उचललं. ड्रम थांबला नाही. तिच्यामागून शाळेतल्या बाईंनी उचललं. कुणीही थांबलं नाही. फेरी पुरी होऊन माझी पाळी आली.

मी सॅक्स तोंडाला लावून बसलो होतो. मोजत होतो. पहिलं घर, दुसरं घर, तिसरं घर. तिसऱ्याच्या शेवटी मी कान टवकारले. नुसता ड्रम वाजत होता. चौथं घर संपलं तेव्हा मी वाजवायला लागलो, आणि गाणं कोसळलं. दोस्ताने काठ्या खाली ठेवल्या. वर्गातल्या कुणीही मला आजवर चुकताना पाहिलं नव्हतं, सगळे आपापल्या पायांकडे बघत बसले.

“चुकलास रे,” दोस्त म्हणाला. “चार घरं उशिरा आलास.”

“हो,” मी म्हटलं. “चुकलो. परत घेऊ.”